येडूमामांची खिडकी

१

रोज सकाळी चहाबरोबर मी सहा घरांचा श्वास बघतो. फोनवर.

थाप वाटली ना? तुमचं चुकलं नाही. देगावात येऊन 'बिभीषण कुठं राहतो' विचारलं तर कुणी ओळख दाखवत नाही, 'थापाड्या' म्हटलं की पोरं दारापर्यंत आणून सोडतात. पण ही थाप नाही. मी कारखान्यात बनलेली घरं विकतो. भिंती, छत, चौकटीत बसलेल्या खिडक्या, सगळं एमआयडीसीत तयार होतं, ट्रेलरवर आडवं निजून येतं आणि क्रेननं उभं केलं की नवव्या दिवशी किल्ली हातात. भिंत वीतभर जाड, आत कापसासारखं भरण. खिडकीला तीन काचा. सांध्यासांध्याला पट्टी, की हवेनं चोरून आत येऊ नये. हवा येते ती एका यंत्रातून गाळून, जाते ती त्याच यंत्रातून, आपला गारवा मागं ठेवून. बाहेर सोलापूरचा मे, डांबर चपलेला चिकटतंय, पारा त्रेचाळीस. आत एसी नसताना सव्वीस. 'मुंगीसुद्धा विचारल्याशिवाय येत नाही,' असं मी गिऱ्हाइकाला सांगतो. माझ्या आयुष्यातली ही एकमेव जाहिरात जी खरी निघाली.

आता श्वासाचं. प्रत्येक घरात तळहाताएवढा एक मीटर लावलेला असतो. माणूस श्वास सोडतो त्यातला वायू तो मोजतो आणि आकडा माझ्या फोनवर पाठवतो. रिकामं घर चारशेवीस दाखवतं. आमचे मिस्त्री म्हणतात, हा साहेबांचाच आकडा. आत एक माणूस बसला की सातशेच्या आसपास. दोघं असले की साडेनऊशे. कुठल्या घरात पाहुणे आलेत, कोण गावाला गेलंय, मला घरबसल्या कळतं. बायको म्हणते, हे लोकांच्या दाराला कान लावल्यासारखंच आहे. खरं आहे तिचं.

सहापैकी एक घर माझ्या मामांचं. येडूमामा आणि गोजामामी. मामांचा सगळा जन्म सांगोल्याच्या माळावर मेंढरांमागं गेला. घोंगडं अंथरायचं, वर आभाळ. चार भिंतींत निजलेला माणूस नव्हे तो. मागच्या उन्हाळ्यात ऊन लागून पडले, तेव्हा त्यांचा पोरगा आदिनाथ मस्कतहून फोनवर रडला आणि मेंढरं विकून हे घर घ्यायला लावलं. लावलं म्हणजे मीच लावलं. मामांना म्हटलं, 'मामा, या घरात माळावरचं वारं नळातनं येतं.'

मामा हसले होते. 'बिभ्या, नळातनं पाणी येतंय का तेवढं आधी बघ की.'

२

मामा त्या घरात सतरा दिवस राहिले. अठराव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, तिथंच वारले. कसे, ते सांगतो. जरा दम धरा. मी तेच टाळतोय हे तुम्हाला कळलं असेलच.

दहावं-तेरावं झालं, आणि मामी लेकीकडं, विजयमालाताईकडं सांगोल्याला गेली. घराला कुलूप. किल्ली माझ्याकडं.

चार-पाच दिवसांनी दुपारच्या चहाला सहज फोन बघितला. पाच घरांचे आकडे जसे असायचे तसे होते. मामांच्या घरापुढं सातशेदहा.

वाटलं, मामी आली असेल. सांगोल्याला फोन लावला. पलीकडून मामीचाच आवाज, मागं कुकरची शिट्टी. इकडतिकडचं बोललो आणि ठेवून दिला.

मग मागच्या दिवसांचा आलेख काढला. सकाळभर चारशेवीसची सरळ रेघ. पावणेतीनला ती उठायची. एकदम नाही, हळूहळू, जसं कुणी येऊन आडवं झाल्यावर उठावी तशी. पाचपर्यंत सातशेवर टेकायची आणि मग खाली. रोज. एकही दिवस चुकलेला नाही.

पावणेतीन म्हटल्यावर माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

३

मी थापा मारतो, पण डोकं हिशेबी आहे. पहिला संशय मीटरवर. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, भर उजेडात, जाऊन तो बदलला. नवा लावला. पावणेतीनला तोही उठला.

मग वाटलं मांजर. पण मांजराच्या श्वासानं एवढा आकडा चढत नाही. आणि शिरणार कुठून? मग वाटलं, कुणी गडी दुपारच्या झोपेला येतोय, किल्ली बनवून घेतलीय. हा विचार मला फार आवडला. कुलपाच्या भोकात काडी मोडून ठेवली. काडी तशीच राहिली.

शेवटी एका दुपारी अडीचलाच गेलो. बूट बाहेर काढले, दार लावून घेतलं. या घरात दार लावलं की बाहेरचं जग पुसलं जातं. मंगळवेढा रस्त्यावर वाळूचे ट्रॅक्टर ढणाढणा गाणी लावून जातात, त्याचा 'ढ'सुद्धा आत येत नाही. फक्त त्या यंत्राची बारीक घरघर, तीही कान दिला तर.

निजायच्या खोलीत मामांची बाज तशीच होती. वर घोंगडं घडी करून ठेवलेलं. मी दारातल्या खुर्चीवर बसलो, मीटर समोर. मी आत, म्हणजे आकडा हळूहळू सातशेकडं जायला हवा. तसाच निघाला. पावणेतीनपर्यंत साडेसहाशे. मला हसू आलं. म्हटलं, बिभीषणराव, स्वतःच्याच थापेला भ्यालात.

तीन वाजता साडेआठशे. तीन-दहाला नऊशेचाळीस.

मी श्वास रोखून बघितला. लहान पोरासारखा, गाल फुगवून. कान देऊन ऐकलं. यंत्राच्या घरघरीत काही वेगळं नव्हतं. एवढंच की ती घरघर मधे थांबत होती, आणि आमचं यंत्र मधे थांबत नाही.

बूट हातात घेऊनच बाहेर आलो. गाडीपाशी उन्हात उभा राहून फोन बघत बसलो. आकडा उतरत उतरत सातशेवर आला. आणि तिथंच थांबला.

४

तर तो मंगळवार.

घर किती घट्ट आहे याची एक चाचणी असते. दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवतात, त्यात मोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो आणि कुठून किती हवा चोरून आत येते ते काट्यावर दिसतं. चाचणी पास झाली की दाखला, आणि दाखल्यावर माझी पुढची दहा घरं ठरायची होती. ही चाचणी माणसं राहायला यायच्या आधी करतात. पण यंत्र पुण्याहून यायला उशीर झाला, आणि मामीला अक्षय तृतीयेलाच पाऊल टाकायचं होतं.

चाचणी घेणाऱ्या दाक्षायणी मॅडम शिस्तीच्या. म्हणाल्या, 'वीस मिनिटं एकही खिडकी हलली नाही पाहिजे. हलली तर पहिल्यापासून. आणि माझी गाडी साडेचारची आहे.'

'मॅडम, खिडकीवर मी स्वतः बसतो,' मी म्हटलं.

मामी बाजाराला गेली होती. मामा बाजेवर पडून होते. घरात आल्यापासून त्यांचं एकच चालायचं, खिडकी उघड, खिडकी उघड, आणि माझं एकच, चाचणी होईपर्यंत नाही. मी खिडकी आणि बाज यांच्या मधे खुर्ची टाकली. पुढच्या खोलीत पंखा सुरू झाला. विमान उठल्यासारखा आवाज. पावणेतीन वाजले होते.

'बिभ्या, वारं कुटं गेलं रं?'

'येतंय मामा. ह्यो मोठा पंखा कशाला लावलाय मग?'

'खिडकी उघड की.'

'दहा मिनिटं थांबा.'

'जरा उघड. छाती भरून आलीया.'

इथं माणूस उठतो. कुणीही उठतो. मी एक गोष्ट सांगायला घेतली.

'मामा, उजनीच्या पाण्यात मेंढी पडली ती ठावं हाय का तुमाला? तीन दिवस बुडून हुती. चौथ्या दिशी आली की वर, चालत. कातरायला बसवली तर लोकरीत अडीच किलो चिलापी मासळी! धनगर लोकर कातरतंय आनि बायकू कालवन टाकतीया...'

मामा हसले. माझ्या थापांवर ते कायम हसायचे, मेंढरांसारखे खांदे हलवत. मी रंगात आलो. मेंढीला पोहायची चटक लागली, मेंढी गळ टाकायला शिकली. मामांनी हात उचलला आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं दाखवला. मला वाटलं, मेंढी केवढी होती ते विचारतायत.

नाही. असं मला वाटलं नव्हतं. ही गोष्ट मी स्वतःला गेला महिनाभर सांगतोय. ते खिडकी दाखवत होते आणि मला ते त्याच क्षणी कळलं होतं. मी मेंढीचा आकार दोन्ही हातांनी दाखवला आणि पुढं बोलत राहिलो.

पंखा थांबला. मॅडम तिकडून ओरडल्या, 'पास! फार सुंदर आकडा आलाय!'

मी दाराकडं बघत टाळी वाजवली. वाजवून मामांकडं वळलो. मामांचं तोंड हसताना असतं तसं उघडं होतं, आणि डोळे माझ्या मागं, काचेवर.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. खिडकी उघडली असती तरी वाचले नसते. ते मला माहीत आहे. पण त्यांनी वाचवायला नव्हतंच सांगितलं. खिडकी उघडायला सांगितलं होतं.

५

आमच्याकडं जीव जाताना दार-खिडकी उघडी टाकतात. जुन्या माळवदाच्या घरांना छतातच झरोका असायचा, तेव्हा कुणाला वेगळं काही करावं लागायचं नाही. जाणाऱ्याला वाट पाहिजे, एवढंच. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण मामी मानते.

पिशवी दारात टाकून ती आत आली. मामांच्या कपाळावर हात ठेवला. रडली नाही. मला विचारलं, 'जीव जाताना खिडकी उगडी हुती का रं, बाबा?'

'व्हय मामी,' मी म्हटलं. 'म्याच उघडली. मामा म्हणाले, गार वारं आलं बघ. आनि डोळे मिटले.'

हे सगळं मी एका दमात बोललो. एवढंही पुरलं असतं, पण माझी जीभ कधी पुरे म्हणत नाही. मी पुढं म्हटलं, 'एक पाखरू यिऊन बसलं हुतं चौकटीवर.'

मामीनं खिडकीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, 'बरं झालं तू हुतास.'

जिथं जीव गेला तिथं पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला, वर टोपलं झाकलं. दहाव्याच्या सकाळी टोपलं उचलतात. पिठावर काहीतरी उमटलेलं असतं. मुंगीची रेघ, पाखराच्या पायासारखं काहीबाही. ते बघून बायका म्हणतात, गेला. आणि मग सगळे जेवायला बसतात.

टोपलं उचललं. पीठ पाटीसारखं कोरं. एक ठिपका नाही.

अर्थात नाही! मुंगीसुद्धा विचारल्याशिवाय येत नाही अशा घरात उमटणार काय? मी हे बोललोही, हसत. कुणी हसलं नाही. एक म्हातारी पदर तोंडाला लावून शेजारणीला म्हणाली, 'हितंच हाईत की.' मामी पिठाकडं बघतच राहिली.

६

जूनच्या मधे आदिनाथचा मस्कतहून फोन आला. 'दादा, आई सोमवारी घरी राहायला येतेय. एकटीच राहते म्हणतेय. ताईचं ऐकत नाही. तुझं घर चांगलं आहे ना रे? तिला काही होणार नाही ना?'

'छे रे,' मी म्हटलं. 'महालात ठेवतोय तिला.'

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी मोरीत जाऊन तोंड धूत राहिलो.

सत्तरीची बाई. त्या घरात एकटी, दार बंद, पावणेतीनला. तिला सांगायला हवं होतं. आकड्याचं सांगायचं तर खिडकीचं सांगावं लागणार. खिडकीचं सांगायचं तर... मी तीन रात्री पाठ केलं, शाळेतल्या कवितेसारखं. 'मामी, मी खिडकी उघडली नव्हती.' पाच शब्द. आयुष्यात एवढं छोटं वाक्य मी बोललो नव्हतो.

सोमवारी एसटी स्टँडवरून तिला मोटरसायकलवर घेतलं. मृग कोरडाच चालला होता, वाऱ्याला नुसती धूळ. वाटेत तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा विचारलं, 'मामी, प्रवास बरा झाला ना?' दुसऱ्यांदा विचारलं, 'विजयमालाताईची म्हस व्यायली का?' तिसऱ्यांदा धूळ तोंडात गेली.

'तुला कायतरी बोलायचंय,' मागून मामी म्हणाली.

'छे,' मी म्हटलं.

७

आत गेलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. मामीनं पिशवी ठेवली, हातपाय धुतले, आणि सरळ निजायच्या खोलीत गेली. घोंगड्याच्या घडीवर हात फिरवला आणि बाजेच्या पायथ्याला जमिनीवर बसली.

'बस,' मला म्हणाली.

मी त्याच खुर्चीवर बसलो. मीटरकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. आम्ही दोघं, म्हणजे साडेनऊशे. त्यापुढं बघायचंच नाही.

बाराशे झाले तेव्हा मी बघितलं.

'मामी,' मी म्हटलं, 'आपण पुढच्या खोलीत बसू. हितं जरा...'

'खिडकी उगड,' मामी म्हणाली.

मी उठलो नाही. मामी स्वतः उठली, काचेबाहेरचा उन्हाचा पडदा आतल्या दोरीनं वर केला, आणि सवयीचा हात असल्यासारखी कडी फिरवून खिडकी सताड उघडली. तिन्ही काचा एकदम बाजूला. ट्रॅक्टर, गाणी, उन्हाची झळ, सगळं एकदम आत.

'तू उगडली म्हनला हुतास,' मामी म्हणाली. आवाज चढवला नाही. 'कडीवर निळा कागद हुता, कारखान्यातनं आलेला. तसाच चिकटलेला, कुटं फाटला न्हवता. तिसऱ्या दिशी म्या माझ्या नखानं काडला.'

मला कानात नुसता वारा ऐकू येत होता.

'मग... मग दहाव्याला का बोलली न्हाईस?'

'चारचौघात? माझ्या नणंदंच्या पोराला?' ती परत खाली बसली. 'वाटलं, तू येशील. सांगशील. लेकीच्या दारात बसून महिनाभर वाट बगितली तुजी.'

'मामी, माझं चुकलं. आता खिडकी उघडलीस ना, आता मामा...'

'तवा बी उगडली हुती की. तिसऱ्या दिशी. न्हाय गेलं.' तिनं बाजेकडं हनुवटी केली. 'त्ये खिडकीसाटी न्हाय थांबलं.'

त्या घरात धूळ नसते. गाळलेल्या हवेत उन्हाची तिरीप आली तरी रिकामी दिसते. पण आता खिडकी उघडी होती, आणि भोवतालच्या मोकळ्या प्लॉटांवरची माती वाऱ्याबरोबर आत आली होती. उन्हाचा पट्टा बाजेवर आडवा पडला होता, आणि त्यात धूळ तरंगत होती, सगळीकडं तरंगते तशी, इकडून तिकडं, सैरावैरा.

फक्त उशीच्या वर नाही.

उशीच्या वर, वीतभर उंचीला, धूळ एका जागेकडं ओढली जात होती. बारीक होत होत, चिमटीएवढ्या जागेकडं. मग थांबायची. मग तिथूनच बाहेर ढकलली जायची, पसरायची. परत ओढली जायची. सावकाश, दुपारी झोपलेल्या माणसाच्या लयीत. बाकी तिथं काही नव्हतं. उशीला खळगासुद्धा नव्हता.

मी मामीकडं बघितलं. ती तिकडं बघत नव्हती. तिला बघायची गरज नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

'मला सांगून काय उपेग?' ती म्हणाली. 'मला ठाव हाय. त्यास्नी सांग.'

'काय सांगू?'

'तुला ऐकू आलं हुतं का न्हाय, त्ये.'

मी खुर्ची पुढं ओढली. गुडघे बाजेला लागले. ओढल्या जाणाऱ्या धुळीचे चार कण माझ्या मनगटावरून गेले, आणि ते ऊन नव्हतं, झळही नव्हती. ओलसर कोमट होतं.

'मामा,' मी म्हटलं. पाच शब्दसुद्धा नव्हते, तीनच होते. मला ऐकू आलं. मला ऐकू आलं. ते दातांपर्यंत आले, आणि तोंडातून बाहेर पडलं ते हे, 'मामा, त्या पंख्याचा आवाज केवढा हुता, ठावं हाय ना तुमाला? त्यात मला काय बी...'

धूळ आत ओढली गेली आणि तिथंच थांबली.

खिडकीतून वारा येत होता, मामीचा पदर हलत होता, कोपऱ्यातला कॅलेंडरचा कागद फडफडत होता. उशीवरचा एकही कण हलत नव्हता. मी थांबलो. वाटलं, आता सुटेल. मनातल्या मनात मोजत गेलो. वीस. चाळीस. माझी स्वतःची छाती दुखायला लागली तेव्हा कळलं, मीही श्वास घेतला नव्हता.

'बाबा,' मामी हळूच म्हणाली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. 'खरं सांग रं. त्यास्नी लई येळ दम धराय येत न्हाय.'

मी परत तोंड उघडलं. आणि देवाशप्पथ सांगतो, जिभेवर जे आलं ते त्या पाखराहूनही सुंदर होतं.